पिन टोचण्याआधी

पोरी, पेण-रोह्याकडे घरोघरी सामान पोचवायचं ॲप तू करते आहेस आणि लिहिलेल्या पत्त्याची नकाशावर पिन कशी करायची ते मला विचारते आहेस. यंत्राला पत्ता द्यायचा, यंत्र अक्षांश-रेखांश देतं, तिथे पिन टोचायची, एवढंच तुला कुठल्याशा शिकवणीत सांगितलं असेल. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीसाठी तेवढं पुरतंही. डोलवीसाठी पुरत नाही. का पुरत नाही हे आधी डोक्यात बसव, कारण तुझ्या या काकाचे पुढचे सगळे कानमंत्र त्यातूनच निघतात.

आपल्याकडचा पत्ता अनोळखी माणसासाठी लिहिलेला नसतोच. ‘मु. पो. डोलवी, ता. पेण, जि. रायगड’ एवढ्यावर पत्र घरी पोचतं, कारण टपाल वाटणाऱ्याला घर आधीच माहीत असतं. पत्ता त्याला गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडतो, पुढचं काम ओळखीवर चालतं. पत्त्यावरून जागा शोधणारी यंत्रं मात्र वेगळ्या मुलखात घडली. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1990च्या जनगणनेसाठी ‘टायगर’ नावाचा साठा तयार केला. त्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत घरं आहेत ते नोंदलेलं होतं. तुकड्याच्या एका बाजूला 100 ते 198 क्रमांक असतील तर 150 नंबरचं घर साधारण मधोमध, असा हिशेब यंत्र करायचं. आपल्या गावात रस्त्याला नाव नाही, आणि घराचा क्रमांक असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना 8च्या वहीत. शेजारच्या घराचा क्रमांक पुढचाच असेल याची कोणी हमी दिलेली नाही. जपानमध्येही बहुतेक रस्त्यांना नावं नसतात म्हणा, पण तिथे विभाग, गट, घर अशी उतरंड ठरलेली आहे. आपल्याकडे आळी, वाडी, पाडा आणि ‘मारुतीच्या देवळामागे’.

तेव्हा यंत्राने दिलेली पिन म्हणजे अंदाज, असं धरून चाल. अंदाजात वाईट काही नाही, तो अंदाज आहे हे विसरलं की घात होतो. तुझ्या तक्त्यात अक्षांश आणि रेखांश असे दोनच रकाने दिसले तर काम अर्धं झालंय असं मी म्हणेन. पिन कशी आली याचा एक रकाना हवा: यंत्राने पत्त्यावरून काढली, गिऱ्हाइकाने नकाशावर बोटाने ठेवली, की सामान देणाऱ्या पोराने दारात उभं राहून नोंदवली. केव्हा आली याचा एक, आणि किती मीटरपर्यंत भरवसा आहे याचा एक. दारात घेतलेली पिन मिळाली की वापरायची तीच, पण आधीच्या पुसू नकोस, वाद झाला की लागतात (गूगलकडून आलेल्या पिनेला मात्र अट आहे, ती पुढे सांगतो). आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला पत्ता जसाच्या तसा, त्याच्या शुद्धलेखनासकट, वेगळा जपून ठेव. यंत्रासाठी हवी तेवढी साफसूफ कर, पण ती प्रतीवर. घर सापडेना म्हणून पोरगा नाक्यावर गाडी थांबवून विचारायला लागला की त्याला ते मूळ वाक्यच उपयोगी पडतं.

आता नावांचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या तालुक्याइतकी फसवी नावं क्वचित कुठे असतील.

पेण तालुक्यात दादर आहे आणि वाशीही आहे. दादर तर इतकं ठळक की तिथल्या पोलीस ठाण्याचं नावच ‘दादर सागरी’. पण यंत्राला नुसतं ‘दादर’ दिलंस तर ते तुला मुंबईत शिवाजी पार्काच्या अंगाला नेऊन सोडेल, आणि नुसतं ‘वाशी’ दिलंस तर नवी मुंबईत. त्यात यंत्राचा दोष नाही. एका नावाच्या दोन जागा असल्या की मोठी आणि जास्त माहिती असलेली जागा ते आधी धरतं. खुद्द ‘पेण’चीही तीच गत: इंग्रजीत तीनच अक्षरं, आणि शाईच्या पेनाचीही तीच. त्यामुळे गावाचं नाव एकटं कधी पाठवू नकोस. तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड, देश हे सगळं मागे जोडूनच पाठव.

जिल्ह्याच्या नावातही खड्डे आहेत. ‘रायगड’ म्हटलं की यंत्राला किल्लाही दिसतो, आणि तो महाड तालुक्यात, आपल्यापासून बराच दक्षिणेला. दुसरा खड्डा याहून खोल. छत्तीसगडमध्ये रायगढ नावाचं शहर आणि जिल्हा आहे, आणि आपल्या जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग कितीतरी सरकारी कागदांत, अगदी 2011च्या जनगणनेतसुद्धा, त्याच्यासारखंच केलेलं आहे. त्यावर कडी म्हणजे डोलवीला जिंदालांचा पोलादाचा कारखाना आणि रायगढलाही जिंदालांचाच पोलादाचा कारखाना. घराणं एक, कंपन्या वेगळ्या. कोणी घाईत ‘जिंदाल स्टील, रायगड’ एवढंच इंग्रजीत लिहिलं, तर यंत्रच काय, माणूसही अडखळेल. दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

आणि जुने कागद. आपल्या जिल्ह्याचं नाव 1981 साली बदललं, त्याआधी तो कुलाबा जिल्हा होता. एखाद्या आजोबांनी जुन्या खरेदीखतावरून पत्ता उतरवून दिला आणि त्यात ‘जि. कुलाबा’ आलं, की यंत्र थेट मुंबईच्या दक्षिण टोकाला जाऊन बसणार. तुझ्या साफसुफीच्या यादीत हा एक नियम आत्ताच घालून ठेव: ‘जि. कुलाबा’ दिसलं की ‘जि. रायगड’.

या सगळ्यावर उतारा पिनकोडचा. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या आखणीतून. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, संस्कृतचे कवी, आणि मराठी गृहस्थ. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा-लिप्या आणि अर्धवट पत्ते यांच्या गुंत्यातून पत्रं सुटावीत म्हणूनच ते सहा आकडे आले. म्हणजे तुझी आजची अडचण त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच पाहिली होती. पेणचा 402107, नागोठण्याचा 402106, रोह्याचा 402109, अलिबागचा 402201. उलट मुंबईच्या दादरचे 400014 आणि 400028, नवी मुंबईतल्या वाशीचा 400703. पहिले तीन आकडे 402 असले की आपली बाजू, 400 असले की मुंबईकडची. ‘दादर, 402107’ असं आलं की संशयाला जागाच नाही.

गूगलच्या सेवेत देश आणि पिनकोड यांची अट घालता येते आणि ती पाळली जाते. नकाशाची चौकट आखून दिलीस तर मात्र ती नुसता कल दाखवते, चौकटीबाहेरचं उत्तरही येऊ शकतं. म्हणून उत्तर आल्यावर तपासायचं तूच. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांसाठी अक्षांश 18.3 ते 18.9 आणि रेखांश 72.9 ते 73.4 ही ढोबळ चौकट पुरेल. मुंबईचं दादर आणि नवी मुंबईतली वाशी दोन्ही 19च्या वर आहेत, ती आपोआप बाहेर पडतात. चौकटीबाहेरची पिन गुपचूप स्वीकारायची नाही, गिऱ्हाइकाला विचारायचं. लोक पिनकोडही चुकीचा लिहितात, त्यामुळे पिनकोडच्या अटीने काहीच हाती लागलं नाही तर अट काढून पुन्हा विचार, पण चौकटीची तपासणी तेव्हाही सोडू नकोस.

याहून चांगलं म्हणजे गावाचं नाव टाइप करायची वेळच येऊ देऊ नकोस. जिल्हा, तालुका, गाव अशी निवडायची यादी दे. पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिच्यात प्रत्येक गावाला स्वतःचा संकेतांक आहे. तो गावाच्या नावाशेजारी साठव. मग डोलवी कोणी कशीही लिहो, तुझ्याकडे ती एकच राहील.

लिहिण्याचे प्रकारही मोजण्यापलीकडे आहेत. इंग्रजीत डोलवी ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, मध्ये ‘ए’ घालून की न घालता, वडखळ ‘ळ’ने की ‘ल’ने, मारुती ऱ्हस्व की दीर्घ. पिनकोड मराठी आकड्यांत ‘४०२१०७’ असा आला तर यंत्राकडे पाठवण्याआधी त्याचा 402107 कर. देवनागरीत एकच अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं, डोळ्याला सारखं दिसतं आणि जुळवताना जुळत नाही. युनिकोडचं प्रमाण रूप करून घेतल्याशिवाय दोन नावांची तुलना करायची नाही. ‘मु. पो.’, ‘द्वारा’, ‘यांचे घरी’ हे यंत्राला पाठवायच्या प्रतीतून काढ. पण ‘ता.’ आणि ‘जि.’ फेकून देण्याआधी त्यांचा उपयोग करून घे, पुढचा शब्द तालुका आहे की जिल्हा ते त्यांच्यावरूनच कळतं.

त्यासोबत टोपणनावांची एक वही ठेव. डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या कागदावर ‘गीतापुरम, डोलवी’ असा पत्ता असतो, रिक्षावाला नुसतं ‘कंपनी’ म्हणतो, आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘इस्पात’ आहे. तो कारखाना आधी ज्यांचा होता ती इस्पात इंडस्ट्रीज जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे जाण्याचं 2010च्या अखेरीस ठरलं, तोंडातलं नाव ठरवून बदलत नाही. तसंच महामार्गाचं. मुंबई-गोवा रस्ता कागदावर 66 नंबरचा झाला, तरी पत्त्यांत आणि ड्रायव्हरांच्या बोलण्यात 17 नंबर येतच राहतो. अशी जोडनावं कुठलीही परदेशी सेवा तुला देणार नाही. ती गोळा करायला वडखळ नाक्यावर चहा प्यावा लागतो.

आता यंत्राचं उत्तर कसं वाचायचं. नवशिके अक्षांश-रेखांश उचलतात आणि बाकीचं उत्तर टाकून देतात. खरी माहिती त्या टाकलेल्या भागात असते. गूगल प्रत्येक उत्तरासोबत जागेचा प्रकार सांगतं. ‘रूफटॉप’ म्हणजे नेमकी जागा. ‘रेंज इंटरपोलेटेड’ म्हणजे रस्त्यावर दोन क्रमांकांच्या मध्ये हिशेबाने काढलेली. ‘जिओमेट्रिक सेंटर’ म्हणजे रस्त्याचा किंवा एखाद्या भागाचा मध्य. ‘अप्रॉक्झिमेट’ म्हणजे ढोबळ. शिवाय ‘पार्शल मॅच’ अशी खूण असली तर तू दिलेल्या पत्त्यातलं काहीतरी यंत्राने सोडून दिलं आहे. गावाकडच्या पत्त्यांना बहुतेक वेळा शेवटचे दोन प्रकारच मिळतील, आणि तुझ्या पडद्यावर चारही पिना सारख्याच लालभडक दिसतील. तसं होऊ देऊ नकोस. ढोबळ उत्तर असेल तर टोकदार पिन न दाखवता गोल दाखव, आणि खाली स्पष्ट लिही: ‘गाव सापडलं, घर तुम्ही दाखवा.’

एक छोटी तपासणी महिन्यातून एकदा करत जा. साठ्यातल्या कुठल्या कुठल्या पत्त्यांना अगदी तंतोतंत एकच अक्षांश-रेखांश आले आहेत ते काढ. वेगवेगळ्या गावांतल्या वीस-पंचवीस घरांची पिन एकाच बिंदूवर आली असेल, तर ती घरं नव्हेत. तो 402107चा मध्यबिंदू आहे किंवा तालुक्याचा. अशा पिना रद्द करून त्या घरांना ‘पिन नाही’ असं म्हण. पिन नसलेलं घर परवडतं, फोन करता येतो. खोटी पिन असलेल्या घराला कोणी फोनच करत नाही, सरळ गाडी काढतं.

‘पिन नाही’ हे साठवताना शून्य-शून्य लिहू नकोस, रिकामं ठेव. अक्षांश शून्य आणि रेखांश शून्य ही खरी जागा आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. जगभरच्या इतक्या बिघडलेल्या नोंदी तिथे जाऊन पडतात की नकाशावाल्यांनी त्या न-बेटाला ‘नल आयलंड’ असं नावही ठेवलंय. आणि क्रम सांभाळ. गूगल आधी अक्षांश मागतं, मग रेखांश. जिओजेसन या साठवणीत क्रम उलटा, आधी रेखांश. डोलवी साधारण 18.7 आणि 73.0 वर आहे. हे दोन आकडे उलटे झाले तर आपली डोलवी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. ही चूक निदान लगेच दिसते. दशांशाची चूक दिसत नाही. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. दशांशानंतर दोन आकडे ठेवलेस तर एका किलोमीटरची ढिलाई, तीन ठेवलेस तर शंभरेक मीटर, पाच ठेवलेस तर एक मीटर. पाच-सहा पुरेत. दहा आकडे लिहिल्याने घर जास्त नेमकं होत नाही.

इथून पुढचं यंत्राचं नाही, माणसांचं आहे, आणि माझ्या मते ॲपचं यश इथेच ठरतं.

पिन शेवटी माणसाकडूनच घ्यायची. उपग्रहाचं चित्र दाखव, अंदाजाची पिन गावावर ठेव आणि ‘आपल्या दारावर सरकवा’ असं म्हण. तरुण पोरं ते पटकन करतील. पण वरून पाहिलेलं आपलंच छप्पर खूप जणांना ओळखू येत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी प्रश्न असे ठेव, जसे गावात विचारले जातात: एसटीतून कुठे उतरायचं? तिथून कोणाचं घर विचारायचं? चारचाकी दारापर्यंत येते का, की आळीच्या तोंडाशी थांबवायची? पावसाळ्यात वाट चालू असते का? या उत्तरांसाठी ‘खूण’ नावाचा वेगळा रकाना हवा, पत्त्याच्या रकान्यात कोंबायचं नाही. बोलून सांगायची सोय दिलीस तर फार बरं. आमच्या पिढीला लिहून पत्ता सांगता येत नाही, बोलून सांगता येतो, हातवाऱ्यांसकट.

आणि चाकरमान्यांना विसरू नकोस. तुझी निम्मी गिऱ्हाइकं अशी असतील की मुलगा मुंबईत कामावर आणि सामान हवंय आईला गावी. ॲप उघडल्या उघडल्या तू ‘आत्ताची जागा’ घेऊन पिन टोचलीस, तर आईचं तांदूळ-तेल मुलाच्या ऑफिसात. म्हणून पहिला प्रश्न ‘सामान कुठे पोचवायचं?’ हा हवा, आणि ‘मी आत्ता इथेच आहे’ हे बटण नंतर. गणपतीच्या दिवसांत हेच उलटं होईल, मुंबईचे पत्ते असलेली माणसं गावात बसून सामान मागवतील.

फोनच्या जागेवरही आंधळा भरवसा नको. अँड्रॉइड जो ‘अचूकता’ आकडा देतं, समजा 20 मीटर, त्याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे तीनात एकदा ती बाहेरच. शिवाय अँड्रॉइड 12 पासून माणसाला ‘अंदाजे जागा’ एवढीच परवानगी देता येते, आणि तो अंदाज सुमारे 3 चौरस किलोमीटरचा असतो. एवढ्यात आपल्याकडची दोन-तीन गावं मावतील. परवानगी कुठली मिळाली ते तपासल्याशिवाय ती पिन दारात घेतलेली मानू नकोस. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत पत्र्याच्या शेडखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. पोरांना सांगून ठेव, नोंद करायची ती बाहेर उघड्यावर येऊन, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून.

पिन घरावर बरोबर आली तरी गाडी चुकू शकते. मोठ्या जागांना दोन पिना दे, एक जागेची आणि एक फाटकाची. कारखान्याच्या नावाने शोधलं तर पिन त्याच्या आवारात मधोमध कुठेतरी पडते, आणि गाडी तर फाटकावरच थांबते. कोणत्या फाटकावर, तेही लिहून घे. शाळा, रुग्णालय, मंगल कार्यालय, सगळ्यांना हाच न्याय. महामार्गाला लागून असलेल्या घराची पिन यंत्र जवळच्या रस्त्याला, म्हणजे महामार्गालाच, चिकटवू पाहतं. घराचं तोंड मात्र गावातल्या रस्त्याला असतं आणि मधला दुभाजक पुढच्या वळणापर्यंत ओलांडता येत नाही. वडखळला बाह्यवळण रस्ता झाल्यापासून वरून जायचं की गावातून, हाही प्रश्न आहेच.

आणि खाडी. ‘सर्वांत जवळचा पोरगा’ सरळ रेषेत मोजून निवडशील तर अंबा खाडी तुला फसवेल. पलीकडे अलिबाग तालुका, नकाशावर हाताच्या अंतरावर, पण गाडीला धरमतरच्या पुलावरून वळसा घालूनच यावं लागतं. खारेपाटात बांधावरची वाट नकाशावर रस्त्यासारखीच दिसते, जुलैत तिच्यावरून मोटारसायकल घालून बघ म्हणजे कळेल. अंतर नेहमी रस्त्याने मोज.

तांत्रिक बारकावे थोडक्यात सांगतो, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. प्रत्येक अक्षर टाइप झालं की यंत्राला विचारायचं नाही, बोट थांबल्यावर विचार. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनाटिम ही सेवा फुकट आहे, पण तिच्या सार्वजनिक सर्व्हरचा नियम सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती असा आहे, आणि टाइप करता करता सुचवण्यासाठी ती वापरायची मनाई आहे. अँड्रॉइडमध्ये पत्त्यावरून जागा काढणारा जिओकोडर आयता मिळतो, पण त्यामागची सेवा प्रत्येक फोनवर असेलच असं नाही, ती आहे का ते ॲपमधून आधी तपासून घे. त्याची जुनी पद्धत मुख्य धाग्यावर चालवलीस तर पडदा गोठतो. अँड्रॉइड 13 पासून उत्तर मागाहून कळवणारी पद्धत आहे. ॲपलही एका ॲपने किती वेळा विचारावं यावर मर्यादा घालतं. गूगलची किल्ली ॲपमध्ये उघडी ठेवू नकोस, आपल्या सर्व्हरवरून विचार. आणि अटी वाच. गूगलकडून मिळालेले अक्षांश-रेखांश 30 दिवसांपलीकडे साठवायला परवानगी नाही, जागेचा ओळखक्रमांक मात्र ठेवता येतो. गिऱ्हाइकाने स्वतः ठेवलेली किंवा तुझ्या पोराने दारात घेतलेली पिन ही तुझी स्वतःची नोंद. धंद्याच्या हिशेबानेही दारातली पिन सोन्यासारखी का, ते यावरून कळेल.

नेट गेलं तर काय, हे पावसाळ्याआधी ठरव. पिन फोनमध्येच नोंदली जावी आणि रेंज आली की वर जावी.

टपाल खात्याने 27 मे 2025 रोजी डिजिपिन आणलंय, त्याबद्दल तू विचारलंस. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साथीने केलेली ती पद्धत आहे. सगळा देश चौकोनांत वाटलेला, प्रत्येक चौकोनाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. शेवटचा चौकोन साधारण 4 मीटर बाय 4 मीटरचा, आणि त्याला दहा अक्षरांचा संकेत. अक्षांश-रेखांशावरून तो नुसत्या हिशेबाने निघतो, नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. गूगलचे प्लस कोडही असेच निघतात, त्यांचा नेहमीचा चौकोन सुमारे 14 मीटरचा. दोन्ही ॲपमध्ये दाखव, फोनवर सांगायला आणि कागदावर लिहायला सोपे पडतात. पण एक ध्यानात ठेव: हे संकेत पिनेवरून निघतात, पिन त्यांच्यावरून शहाणी होत नाही. पिन शेजारच्या गोठ्यावर असेल तर डिजिपिनही इमानदारीने गोठ्याचाच येईल. आणि तीन मजल्यांच्या घराला वर-खाली एकच डिजिपिन, तेव्हा मजला आणि माणसाचं नाव वेगळं लागणारच.

घराची पिन, फोन नंबर आणि घरात दुपारी कोण एकटं असतं ही माहिती एकत्र आली की ती जोखीम असते. 2023चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. सामान पोचल्यावर पोराच्या फोनवर ती पिन दिसायचं काही कारण नाही. मागेल त्याला त्याची पिन पुसून मिळाली पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे काम मी तुला लावतोच आहे. आपल्या भागातल्या कितीतरी ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या मोठ्या नकाशांवर नावानिशी नाहीत. नाव नसलेल्या वाडीची पिन कोणतंही यंत्र काढू शकत नाही, ते तुला गावठाणाचा मध्य दाखवून मोकळं होतं, आणि सामान घ्यायला वाडीतल्या बाईला खाली उतरून यावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून चालू आहे आणि त्यात नाव घालायला कोणाची परवानगी लागत नाही, नुसतं खातं काढावं लागतं. ग्रामपंचायतीत जाऊन वाड्यांची यादी माग, एकेका वाडीत स्वतः जा, तिथली माणसं वाडीला काय म्हणतात ते विचार, आणि तेच नाव मराठीत आणि इंग्रजीत घाल. पहिलं सामान निघण्याआधी एवढं कर.